हरंगुळच्या डब्यात लातूर किती?

मा. केंद्रीय रेल्वेमंत्री आणि रेल विकास निगमचे अधिकारी यांस,


दसरा-पाडव्याला लातूर-नांदेडात गाडी घ्यायची म्हटली की घरात वाद ठरलेला. मुलाला आपल्या देशाची कंपनी म्हणून टाटा-महिंद्रा हवी, वडिलांना मारुती, कारण तिचा मेस्त्री तालुक्यालाही सापडतो. मारुतीची बहुतांश मालकी जपानच्या सुझुकीकडे, पण गाड्या बनतात हरियाणा-गुजरातेत. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातेतल्या हंसलपूरला सुझुकीची विजेवरची गाडी निर्यातीला रवाना करताना पंतप्रधानांनी सांगितलं, की पैसा कुणाचाही असो, घाम इथला हवा. स्वदेशीचा हा अर्थ मला पटतो.

मग हीच कसोटी लातूरजवळच्या हरंगुळच्या रेल्वे कोच कारखान्याला लावा. २०१८ मध्ये त्याची पायाभरणी झाली, २५ डिसेंबर २०२० ला पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. वंदे भारत शयनयान गाड्या इथे बांधण्याचा करार २०२३ मध्ये झाला; रशियाची ट्रान्समॅशहोल्डिंग आणि रेल विकास निगम त्यात भागीदार आहेत. डबे १,९२०, देखभाल ३५ वर्षं. रशियन भांडवलाला माझी हरकत नाही. पण आम्ही जन्मात एखादी मोटार घेतो, तुम्ही एका सहीत १,९२० डबे घेता. शोरूममध्ये आम्हाला अटी घालता येत नाहीत, तुम्हाला येतात.

त्या घाला. स्टेनलेस स्टीलचा पातळ पत्रा जोडताना उष्णता जरा जास्त झाली की तो वाकतो, आणि डब्याची सरळ भिंत बिघडते. हे काम पुस्तकातून येत नाही, हात बसावा लागतो. तो हात लातूर-नांदेडच्या आयटीआयतल्या मुलांचा बसू द्या. आज ही मुलं रात्रीच्या ट्रॅव्हल्सने चाकण-रांजणगाव गाठतात आणि तिथे कंत्राटावर राबतात. आसनं, खिडक्यांच्या चौकटी, वायरिंगचे जोड अशी कामं लातूर आणि नांदेडच्या एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांना मिळतील असं बघा. दर्जात ते कमी पडत असतील तर त्यांना शिकवा. नांदेडचं श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय त्यासाठी हाताशी आहे.

कारखान्यात मराठवाड्यातले किती जण कायम नोकरीत आहेत, किती कंत्राटावर, आणि कोणता सुटा भाग कुठून येतो, याची यादी दर वर्षी जाहीर करा. पुढच्या आयटीआय प्रवेशाआधी पहिली यादी आली, तर कोणता ट्रेड घ्यायचा हे मुलांना ठरवता येईल.

आपला,
लातूरचा एक नागरिक