काहून?

निवृत्त माणसाला वर्षातून दोनदा भाव येतो. एकदा मुलाला सहकुटुंब गावाला जायचं असतं आणि घर राखायला कुणी नसतं तेव्हा, आणि एकदा वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक मिळत नाही तेव्हा. डिसेंबरात गाडगेबाबांची पुण्यतिथी जवळ आली की आमच्या वऱ्हाडात दुसरा योग हमखास जुळतो. तसा गेल्या खेपेला जुळला. अकोल्याहून सकाळची एस. टी. धरली, मूर्तिजापूरला चहा घेतला आणि अमरावतीच्या एका शाळेत नारळ मांडीवर घेऊन परीक्षकाच्या खुर्चीत बसलो.

विषय होता, 'गाडगेबाबा आणि आजचा समाज'. स्पर्धक बारा. पहिला मुलगा कडाडला, "गाडगेबाबा ही केवळ एक व्यक्ती नव्हती, तर तो एक विचार होता!" मी मान डोलावली. दुसरी म्हणाली, "ती केवळ व्यक्ती नव्हती, तर ती एक चळवळ होती!" तिसऱ्याच्या मते ते विद्यापीठ होतं. चौथ्याच्या वेळी मी शेजारच्या परीक्षकांच्या कानात पुढच्या वाक्याचं भविष्य सांगितलं, आणि ते शब्दशः खरं ठरलं. आमच्या घराण्यात ज्योतिष नाही हो! पण चहाच्या वेळी एका मास्तरांनी उलगडा केला, "भाषणं आता मोबाइलच लिहून देते, सर. ए. आय. म्हनतात त्याले."

हे यंत्र लिहितं कसं, ते माझ्या पुतण्यानं मला एकदा समजावून दिलं होतं. त्याला म्हणे जगातला अफाट मजकूर चारलेला असतो. एका शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, याचा हिशेब करत ते पुढे सरकतं. मधूनच चवीपुरता थोडा कमी संभवाचा शब्दही उचलतं. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांच्या हाती आलं, आणि तेव्हापासून मजकुराला तोटा राहिलेला नाही.

आता या हिशेबात खुद्द गाडगेबाबांना बसवून पाहा. १८७६ साली शेंडगावात परिटाच्या घरी जन्मलेला डेबूजी. शाळेचं तोंड पाहिलं नाही. मूर्तिजापूर तालुक्यात मामाकडे गुरं राखली, शेती केली. या वाक्याच्या पुढे संभव कशाचा? आणखी गुरं, आणखी शेती, थोडं कर्ज. पण या गृहस्थानं मुलीच्या बारशाला मटण-दारूची रीत मोडून गोडाचं जेवण घातलं, १९०५ साली घर सोडलं, आणि ज्या गावात जाईल ते गाव दिवसा झाडून रात्री कीर्तनाला उभा राहिला. कीर्तनही कसलं, तर प्रश्नांचं! समोरच्या माणसाला त्याच्याच बोलीत विचारायचं आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढायचं. यंत्रानं सगळं वाचलंय, बाबांनी काहीच वाचलं नव्हतं. आज अमरावतीचं विद्यापीठ त्यांच्या नावानं चालतं, आणि तिथं प्रवेशाला मार्कशीट लागते.

तर अकरावी मुलगी आली. "गाडगेबाबा ही केवळ..." म्हणाली आणि अडकली. वर आढ्याकडे पाहिलं, खाली पायांकडे पाहिलं. मागून कुणीतरी हसलं. मग ती म्हणाली, "मी इसरली." आणि जायला वळली. वळता वळता थांबली आणि एका दमात बोलून गेली :

"आमची माय बी रोज सकायी दुसऱ्याइचं आंगन झाडते. तिले कोनी संत म्हनत नाही. काहून म्हनत नाही?"

आणि जाऊन बसली. सभागृहात एवढी शांतता मी फक्त निकालाच्या आधी पाहिली आहे.

माझ्यापुढे गुणपत्रिका होती. उच्चार १०, मुद्दे १०, पाठांतर १०, आत्मविश्वास १०. पाठांतराला शून्य. उच्चार प्रमाण नाहीत. मुद्दे मांडलेच नाहीत, एक प्रश्न विचारला, आणि प्रश्नाला रकाना नव्हता. पहिलं बक्षीस 'केवळ व्यक्ती नव्हती'ला गेलं, मुलीला उत्तेजनार्थही मिळालं नाही. निकालपत्रावर सही माझी आहे.

घरी येऊन पुतण्याकडून तो प्रश्न यंत्राला घातला. यंत्र म्हणालं, "अतिशय महत्त्वाचा आणि हृदयस्पर्शी प्रश्न!" मग पाच मुद्दे दिले : श्रमप्रतिष्ठा, लिंगभाव, जातिव्यवस्था आणि आणखी दोन. एकही चूक नव्हता. शेवटी आईवर एक कविता करून देऊ का, असंही अदबीनं विचारलं. पुतण्या विजयी मुद्रेनं म्हणाला, "पाहा काका! आणि म्हटलं तर प्रश्नही विचारतं ते." त्यानं सांगितलं, यंत्रानं दहा प्रश्न काढले. तेही चांगले होते. पण त्या दहांतल्या एकाचीही माय सकाळी उठून कुणाचं अंगण झाडायला जात नव्हती. यंत्राला आपण म्हटलं म्हणून विचारावं लागलं, आणि त्या पोरीला न विचारून राहवलं नाही. अकलेतला हा फरक मला तरी लहान वाटत नाही.

आता यंत्राला शिव्या घालून हा लेख संपवणं सोपं आहे, टाळ्याही मिळतील. पण खरं सांगतो, 'केवळ व्यक्ती नव्हती' हे वाक्य यंत्राचं नाहीच. ते आमचं आहे. आम्हीच ते निबंधाच्या गाइडातून पाठ केलं, मोठं झाल्यावर पोरांकडून घोकून घेतलं आणि त्याला दहापैकी नऊ दिले. यंत्र बिचारं आमचंच उष्टं जेवून मोठं झालंय. पिढ्यान् पिढ्या आपण पोरांना संभवाचं वाक्य म्हणायला शिकवलं, आणि आता तेच काम यंत्र फुकटात करू लागलं तर 'माणसाच्या प्रतिभेचं काय होणार' म्हणून गळा काढतो! अहो, त्या प्रतिभेला रकाना ठेवला होता कुणी?

म्हणून मी आयोजकांना फोन केला. म्हटलं, पुढच्या वर्षी पाठांतराचा रकाना काढा आणि तिथं 'प्रश्न' असा रकाना घाला, दहा गुणांचा.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग चिटणीस म्हणाले, "काहून?"

मी म्हटलं, चला, सुरुवात तर झाली.