सुवर्णगरुडाचे राज्य आणि मंत्रीपुत्र आंबड

आज मुंबईची तहान भागविणारे तानसेचे खोरे आणि शहापूर-मुरबाडचा मुलूख आठशे वर्षांपूर्वी उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या सत्तेखाली होता. तमिळ देशी चोळांच्या ध्वजावर वाघ, तसा शिलाहारांच्या ध्वजावर सुवर्णगरुड. त्यांच्या ताम्रपटांच्या मुद्रेवरही गरुडच दिसतो. हे घराणे आपला मूळ पुरुष म्हणून विद्याधर जीमूतवाहनाचे नाव सांगे. एका नागाचा जीव वाचविण्यासाठी त्याने शिळेवर बसून स्वतःचा देह गरुडापुढे ठेवला, म्हणून 'शिलाहार'. राजचिन्हाच्या मुळाशी पराक्रम नसून जीवदया असावी, हे विरळाच!

मात्र या घराण्यातील मल्लिकार्जुनाचे 'राजपितामह' हे बिरुद दयेचे नव्हते. साऱ्या राजांचा आजोबा! मेरुतुंगाचार्यांनी १३०५च्या सुमारास पूर्ण केलेल्या 'प्रबंधचिंतामणी'त ही कथा येते. पाटणच्या दरबारात एका भाटाने ते बिरुद उच्चारले. कुमारपाळाने सभेवर नजर फिरविली. त्या नजरेचा अर्थ एकट्यानेच ओळखून हात जोडले: उदयन मंत्र्यांचा पुत्र आंबड, जैन वणिक कुळातला.

पहिल्या स्वारीत आंबड हरला. परतल्यावर त्याने काळी वस्त्रे नेसली, काळे छत्र धरले आणि नगराबाहेरच तळ दिला. अपयश लपविण्याची सोय सर्वांनाच असते. त्याने ते अंगावर मिरविले. राजाला ती लाज मोलाची वाटली. अधिक सैन्य देऊन त्याने आंबडालाच पुन्हा धाडले. या वेळी नदीवर पूल बांधून सैन्य पार झाले, मल्लिकार्जुन मारला गेला आणि 'राजपितामह' बिरुद आंबडास मिळाले. 'पृथ्वीराजविजय' काव्य मात्र या वधाचे श्रेय चाहमान सोमेश्वरास देते. विजयाला धनी पुष्कळ!

शिलाहार सत्ता एवढ्याने बुडाली नाही. मल्लिकार्जुनानंतर आलेल्या अपरादित्याचा शिलालेख भिवंडीजवळच्या लोनाड येथे मिळाला आहे. सुमारे १२६५ साली यादव महादेवाशी लढताना शेवटचा सोमेश्वर समुद्रात बुडाला, तेव्हा गरुडध्वज उतरला.

ज्या कुमारपाळाने हेमचंद्राचार्यांच्या उपदेशाने राज्यात अमारी घोषित केली, त्याच्याच आज्ञेने हे रक्त सांडले. श्रावकाला संकल्पी हिंसा वर्ज्य, विरोधी हिंसा क्षम्य, असे शास्त्र सांगते. पण केवळ एका बिरुदासाठी केलेली स्वारी कोणत्या खात्यात मांडावी? मेरुतुंगाचार्य त्याविषयी मौन पाळतात. आंबडाने पुढे भरूच येथे मुनिसुव्रतस्वामींच्या शकुनिकाविहाराचा जीर्णोद्धार केला, हे मात्र ते आवर्जून नोंदवितात.