एसीचा आवाज नको, म्हणून जाळीत कागद कोंबू नका

रुग्णालयात दाखल असलेल्या कुणालाही सकाळी विचारा, "झोप लागली का?" बहुतेक वेळा दुखण्याइतकीच आवाजाची तक्रार ऐकायला मिळते. मॉनिटरची टिकटिक, स्ट्रेचरची चाकं, शेजारच्या पेशंटचा खोकला. आणि या सगळ्याच्या मागे छतातून येणारी एक अखंड घरघर. ती असते सेंट्रल एसीची. पंखा लांब कुठेतरी गच्चीवर किंवा मशीन रूममध्ये असतो. त्याची हवा पत्र्याच्या मोठ्या नळांतून, म्हणजे डक्टमधून, तुमच्या डोक्यावरच्या जाळीपर्यंत येते आणि येताना आवाजही घेऊन येते.

मग काय होतं? नातेवाईक म्हणतात, "मावशी, तेवढा एसी बंद करा ना." सेंट्रल एसी एका खोलीपुरता बंद करता येत नाही. मग कुणीतरी स्टुलावर चढतं आणि जाळीत वर्तमानपत्र कोंबतं, नाहीतर वरून चिकटपट्टी मारतं. बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन खडखडत असेल तर त्याचं बटण खाली. खोली शांत होते, पेशंट झोपतो, आणि कुणाच्या मनातही येत नाही की आपण आत्ता रुग्णालयाच्या जंतुसंसर्ग-नियंत्रणाच्या यंत्रणेला हात लावला.

म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगतो. एसीचा आवाज कमी करणं ही चैन नाही. ज्या इमारतीत आजारी माणसं राहतात तिथे शांत डक्ट हा संसर्ग रोखण्याचाच एक भाग आहे, कारण गोंगाट करणारी यंत्रणा माणसं बंद करतात.

आता हे दाबाचं प्रकरण काय आहे ते पाहू. खोलीत जेवढी हवा सोडली जाते त्यापेक्षा जास्त बाहेर खेचली, तर खोलीतला दाब शेजारच्यापेक्षा किंचित कमी होतो. मग दाराच्या फटीतून हवा आत येते, आतली बाहेर जात नाही. क्षयरोगाच्या किंवा गोवराच्या पेशंटची आयसोलेशन रूम अशी असायला हवी. उलट, शस्त्रक्रियागृहात किंवा केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी खूप कमी झालेल्या पेशंटच्या खोलीत जास्त हवा सोडून कमी खेचायची. तिथे हवा फटीतून बाहेर जाते, कॉरिडॉरमधली धूळ आणि बुरशीचे कण आत शिरत नाहीत. पहिल्याला ऋण दाब म्हणतात, दुसऱ्याला धन दाब.

हा फरक किती हवा? किमान २.५ पॅस्कल. वातावरणाचा दाब असतो सुमारे १ लाख पॅस्कल. म्हणजे २.५ पॅस्कल हा पाण्याच्या पाव मिलिमीटर थराएवढा दाब झाला. इतकी नाजूक गोष्ट! एका जाळीवर चिकटपट्टी लावली की ती मोडते. कोणती जाळी बंद केली यावर नुकसान ठरतं. आयसोलेशन रूममधली हवा खेचणारी जाळी झाकली तर ऋणाचं धन होतं आणि पेशंटच्या खोकल्यातले जंतू कॉरिडॉरमध्ये जातात. हवा सोडणारी जाळी झाकली तर दाब कदाचित टिकेल, पण आतली हवा पुरेशी बदलत नाही. केमोथेरपीच्या पेशंटच्या खोलीत मात्र हीच जाळी झाकणं सर्वात वाईट, कारण मग कॉरिडॉरची हवा थेट त्याच्याकडे.

हवा बदलण्याचा हिशेबही समजून घ्या. खोलीतली हवा तासाला १२ वेळा बदलत असेल तर हवेत तरंगणारे ९९ टक्के कण निघून जायला साधारण २३ मिनिटं लागतात. तासाला ६ वेळा बदलत असेल तर ४६ मिनिटं. आणि २ वेळाच बदलत असेल तर सव्वादोन तासांपेक्षा जास्त. नवीन आयसोलेशन रूमसाठी १२ हा आकडा उगाच ठरवलेला नाही.

हे सगळं फक्त कागदावरचं आहे असं वाटत असेल तर दोन घटना सांगतो. २००३ मध्ये सार्सची साथ आली तेव्हा हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत ३०० हून जास्त लोकांना लागण झाली. तपासात जे मुख्य कारण पुढे आलं ते आपल्या प्रत्येक घरात आहे: बाथरूमचा नहाणी ट्रॅप. तिथल्या अनेक ट्रॅपमधलं पाणी सुकलं होतं. एक्झॉस्ट फॅन लावला की बाथरूममध्ये ऋण दाब तयार व्हायचा आणि सांडपाण्याच्या पाइपमधली दूषित हवा वर खेचली जायची. (तुमच्याकडे न वापरलं जाणारं बाथरूम असेल तर आठवड्यातून एकदा त्यात तांब्याभर पाणी ओता. एवढं आजच करा.) दुसरी घटना जानेवारी २०२० ची, चीनमधल्या ग्वांगझू शहरातली. एका उपाहारगृहात जवळजवळच्या टेबलांवर बसलेल्या तीन कुटुंबांतल्या १० जणांना कोविड झाला. एसी चालू होता, थंडावा होता, पण ताजी हवा येत नव्हती आणि एक्झॉस्ट पंखे बंद होते. तीच हवा त्या टेबलांवर फिरत राहिली. थंड हवा म्हणजे ताजी हवा नव्हे. आपल्या घरातला, दवाखान्यातला स्प्लिट एसीसुद्धा बहुतेक वेळा आतलीच हवा गार करून परत सोडतो.

आता आवाजाकडे येऊ, कारण पेशंटची तक्रार खोटी नसते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये रुग्णालयाच्या वॉर्डसाठी रात्रीची सरासरी पातळी ३० डेसिबल सुचवली. ३० डेसिबल म्हणजे जवळपास कुजबुज. आपल्या वॉर्डात ही पातळी दुर्मीळ आहे, हे तुम्हीही अनुभवलं असेल. झोप तुटत राहिली की रक्तदाब आणि नाडी वर जाते, वेदना जास्त जाणवते, आणि आयसीयूतल्या वयस्कर पेशंटमध्ये भ्रमिष्टपणा येण्याला ही मोडलेली झोप हातभार लावते. शिवाय कानाचं यंत्र लावणाऱ्या आजोबांना त्या घरघरीत डॉक्टर काय म्हणतात ते ऐकू येत नाही. ते मान हलवतात, आणि गोळी सकाळची की रात्रीची हे घरी जाऊन चुकतं.

मग हा आवाज येतो कुठून? थोडा पंख्याचा, थोडा पत्र्याच्या थरथरीचा. पण पुष्कळसा हवेच्या वेगाचा. डक्ट अरुंद असेल तर तेवढीच हवा जास्त वेगाने पळवावी लागते, आणि वेग वाढला की आवाज वेगाच्या कितीतरी पटीने वाढतो. ढोबळ हिशेब असा की वेग निम्मा केला तर हवेच्या घर्षणाचा आवाज १५ डेसिबलच्या आसपास उतरतो. कानाला तो अर्ध्याहूनही कमी वाटतो. म्हणजे मोठी डक्ट, संथ हवा, शांत खोली. यात गुपित काहीच नाही.

गुपित नाही, तरी होत नाही. का? कारण मोठ्या डक्टला जागा लागते. इमारतीचा आराखडा आधी ठरतो, मजले ठरतात, छताची उंची ठरते, आणि फॉल्स सीलिंगच्या वर उरलेल्या फूटभर जागेत एसीवाल्याला सांगतात, "बसव काय ते." तो बिचारा डक्ट चपटी करतो, काटकोनात वळवतो, शेवटचा तुकडा लवचिक पाइपचा लावतो आणि तो दुमडून कोंबतो. हवा कमी-जास्त करायची झडप, म्हणजे डॅम्पर, अगदी जाळीच्या मागे बसवतो. झडप अर्धवट मिटली की तिथे शिट्टी वाजते आणि ती विझायला पुढे डक्टच उरलेली नसते. तीच झडप चार-पाच फूट मागे असती तर वाटेत आवाज बराच कमी झाला असता. टेंडर सर्वात कमी बोलीला जातं, आणि त्या बोलीत शांतता हा रकाना नसतो. खर्चाचा मुद्दा खोटा आहे असं मी म्हणत नाही. मोठी डक्ट पत्रा खाते, उंची खाते. पण संथ हवेला पंख्याची ताकद कमी लागते, तेव्हा विजेच्या बिलात त्यातलं काही दर महिन्याला परत येतं.

मशीन बसवून झाल्यावर उपाय सांगतात तो डक्टला आतून मऊ अस्तर लावण्याचा. ऑफिसात ठीक आहे. रुग्णालयात मला तो पटत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते अस्तर ओलं झालं की बुरशीला घरच मिळतं, आणि ते पुसून स्वच्छ करता येत नाही. शिवाय अस्तर शिट्टी अडवतं, खालच्या पट्टीतली घुमणारी घरघर फारशी अडवत नाही. पेशंटला छळते ती नेमकी हीच. आवाज मोजणारी साधी यंत्रंही ती कमीच दाखवतात, म्हणून रीडिंग बरं येतं आणि पेशंट मात्र जागाच.

दाबाचं नियंत्रणही एकदा बसवून विसरण्यासारखं नाही. फिल्टर धुळीने भरत जातात आणि हवा कमी होत जाते. धन दाबाच्या खोलीचा दाब असाच हळूहळू, कुणालाही न कळता घसरतो. दार उघडलं की दाब क्षणभर शून्यावर येतो. यंत्रणा प्रत्येक वेळी त्याच्यामागे धावू लागली तर पंखे सतत चढ-उतार करतात, आणि तो बदलता आवाज एकसुरी आवाजापेक्षा जास्त त्रास देतो. म्हणून तिला थोडा वेळ थांबायला शिकवावं लागतं. रात्री पंखे हळू करायचे असतील तर हवा सोडणारा आणि खेचणारा दोन्ही सोबत हळू करावेत, म्हणजे दोघांतला फरक टिकतो. अर्थात हवाबदलाच्या किमान आकड्याच्या खाली न जाता. आणि फॉल्स सीलिंगला भोकं असतील तर कितीही महाग यंत्रणा व्यर्थ.

रुग्णालयाबाहेरही हेच शास्त्र लागू आहे. मॉलचं काचेचं दार उघडायला जोर लागतो, लिफ्टच्या दारातून शिट्टी ऐकू येते, तळघरातल्या पार्किंगचा धूर पहिल्या मजल्यावर जाणवतो. अनेकदा फूड कोर्टचे एक्झॉस्ट जेवढी हवा बाहेर फेकतात तेवढी ताजी हवा कुणी आत सोडत नसतं. मग इमारत जिथून मिळेल तिथून हवा ओढते, लिफ्टच्या बोगद्यातूनसुद्धा. अशा ऑफिसात रोज डोकं दुखत असेल तर फक्त चष्म्याचा नंबर तपासून थांबू नका.

तुम्ही काय करू शकता? आवाजाची तक्रार जरूर करा, पण सिस्टरकडे, आणि लेखी. मेंटेनन्सच्या माणसाला बोलावून घ्या. जाळी आणि बटण यांना स्वतः हात लावू नका. तुमचा माणूस आयसोलेशन रूममध्ये असेल तर दार बंद करून, बाहेरच्या बाजूने, दाराखालच्या फटीजवळ टिश्यू पेपरची पट्टी धरा. ती आतल्या बाजूला ओढली गेली पाहिजे. बाहेर फडफडली तर लगेच सांगा. धन दाबाच्या खोलीत याच्या बरोबर उलट. अनेक ठिकाणी दाराशेजारी दाबाचं छोटं घड्याळ असतं. ते काय दाखवतं आणि शेवटची नोंद कधी केली, हे विचारायला संकोच करू नका. दार उघडं असताना त्या काट्याला काहीच अर्थ नसतो. दार लावा, मिनिटभर थांबा आणि मग वाचा.