नाव पुसले, वास्तू तरी राखा!

वारसा म्हटला की गड आणि मंदिरेच डोळ्यांपुढे येतात. गावातील जुन्या बँकेची इमारत मात्र केवळ ‘मोक्याची जागा’ ठरते! १९०६ साली, स्वदेशीच्या भारलेल्या काळात, उडुपीत हाजी अब्दुल्ला यांच्या पुढाकाराने बँक उभी राहिली. पहिल्या दिवसाची जमा ३८ रुपये १३ आणे २ पै! तीच पुढे कॉर्पोरेशन बँक झाली आणि २०२० मध्ये युनियन बँकेत विलीन झाली. नाव गेले, परंतु तिचे जन्मस्थान असलेले संस्थापकांचे घर संग्रहालय म्हणून जपले गेले होते, म्हणून स्मृती उरली. १९१६ ची सांगली बँकही २००७ मध्ये विलीन झाली. विलीनीकरणाने पाटी उतरते. सामान्यांच्या विश्वासावर उभ्या राहिलेल्या भिंतीही उतरवायच्या काय? नगरपालिकांनी अशा वास्तू वारसा यादीत घ्याव्यात; अन्यथा स्वावलंबनाचा इतिहास पुढील पिढीला दाखवायचा तरी कुठे?