औषध बदलताना विश्वास ढळू नये

कुंपणानेच शेत खावे तशी आमवात, क्रोन यांसारख्या व्याधींत शरीराची संरक्षक शक्ती शरीरावरच उलटते. या व्याधी सहसा कायमच्या जात नाहीत. औषधाने आटोक्यात ठेवाव्या लागतात. सकाळी बोटे आखडल्यामुळे खडू धरता न येणाऱ्या शिक्षकाला जैविक इंजेक्शनाने पुन्हा फळ्यापाशी उभे केले, तर त्या औषधाविषयी त्याला ममत्व वाटणारच. अशा वेळी ‘आता हे नव्हे, दुसरे घ्या’ असे सांगितले की त्याच्या काळजात धस्स होते. दुधाने पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

हे दुसरे औषध म्हणजे बायोसिमिलर. साध्या गोळीतील रसायनाची हुबेहूब नक्कल करता येते. जैविक औषध मात्र जिवंत पेशींत तयार होत असल्याने तसे शक्य नसते. म्हणून रचना, परिणाम आणि सुरक्षितता यांत अर्थपूर्ण फरक नाही, हे उत्पादकाला सिद्ध करावे लागते. भारतात त्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे २०१२ साली आली आणि २०१६ साली सुधारली गेली. अडॅलिमुमॅबचे बायोसिमिलर अमेरिकेच्या बाजारात २०२३ साली पोचले. अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने ते भारतात डिसेंबर २०१४ मध्येच आणले होते.

रुग्णाची भीती स्वाभाविक असली, तरी पुरावा धीर देणारा आहे. नॉर्वे सरकारच्या खर्चाने झालेल्या ‘नॉर-स्विच’ चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. मूळ इन्फ्लिक्सिमॅबवर स्थिरावलेल्या सुमारे ४८० रुग्णांपैकी निम्म्यांचे औषध बदलले. कोणाला काय मिळते हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही. ५२ आठवड्यांत मूळ औषधावरील सुमारे २६ टक्के रुग्णांचा आजार बळावला, तर बायोसिमिलरवरील सुमारे ३० टक्क्यांचा. हा फरक आधी ठरवलेल्या मर्यादेत होता. प्रत्येक व्याधीचा स्वतंत्र निवाडा करण्याइतकी ही चाचणी मोठी नव्हती, हे मान्य केले पाहिजे. परंतु औषध न बदलताही चौघांतील एकाचा आजार बळावला, ही गोष्ट विसरता कामा नये. बदलानंतरच्या प्रत्येक दुखण्याचे खापर बदलावर फोडणे त्यामुळे न्याय्य ठरत नाही.

तथापि, विज्ञान अनुकूल आहे म्हणून रुग्णाला गृहीत धरावे, असा याचा अर्थ नव्हे. अविश्वासाने घेतलेल्या औषधाने अपाय झाल्याची भावना बळावते आणि चांगले औषधही सोडले जाते, असा वैद्यकाचा अनुभव आहे. म्हणूनच हा बदल औषधविक्रेत्याने वा खर्च भागविणाऱ्या कचेरीने परस्पर करू नये. डॉक्टरने कारण सांगावे, रुग्णाची संमती घ्यावी, औषधाचे व्यापारी नाव व बॅच क्रमांक कागदावर नोंदवावा आणि काही आठवड्यांनी सांधे व रक्त पुन्हा तपासावे. आजार खरोखर बळावला, तर उपचाराचा फेरविचार करण्याची वाट खुली असावी.

स्वस्त औषधाला हिणविणे सोपे आहे. परंतु पगारात न बसणारे महाग इंजेक्शन मध्येच बंद पडले, तर वाकडे झालेले सांधे पुढे पैसा आला म्हणून सरळ होत नाहीत. सर्वोत्तम औषध तेच, जे अखंड घेता येते. ते परवडावे ही शासनाची जबाबदारी आहे, आणि ते विश्वासाने घेतले जावे ही वैद्यकाची.