पटावर नाव हवे, पोर नको!

दिवाळीची सुट्टी संपते, दुसरे सत्र सुरू होते आणि राज्यातल्या कुठल्या ना कुठल्या शाळेच्या कचेरीत शाळा सोडल्याचा दाखला मागायला आईबाप उभे राहतात. पोर रोज सकाळी पोट दुखते म्हणून रडते, वर्गासमोर उभे करून त्याची शोभा केली जाते, तक्रारीचे अर्ज केराच्या टोपलीत जातात; म्हणून उरलेले वर्ष त्याला घरीच शिकवावे, असे ठरवून ते आलेले असतात. पुढचा संवाद आमच्या वाचकांना तोंडपाठ आहे. ‘कोणत्या शाळेत घालणार? तिचे मागणीपत्र आणा.’ घरी शिकवणार म्हटले, की ‘मग दाखला कशाला?’ आणि मग खरा मुद्दा: ‘आधी वर्षाची सगळी फी भरा.’

2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलाला दाखला तात्काळ द्यावा आणि विलंब करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरावा, असे त्याचे कलम 5 सांगते. घरी शिकणारे मूल हे कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नव्हते, हे खरे. नेमक्या त्याच फटीत पाय अडकवून आमचे संस्थाचालक बसले आहेत. मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य आहे, हे कलम 10 त्यांना मुखोद्गत. त्याच कायद्याने मारहाण आणि मानसिक छळ निषिद्ध ठरवणारे कलम 17 मात्र त्यांच्या प्रतीत छापायचे राहिले असावे! ‘सक्तीचे शिक्षण’ म्हणजे शासनावरची सक्ती, असा खुलासा कलम 8 करते. आणि कलम 10 मोडणाऱ्या पालकाला या कायद्यात दंड नाही. थकलेल्या फीच्या वसुलीसाठी दाखला हे हत्यार नव्हे, असे मद्रास उच्च न्यायालयाने 2024 मध्ये बजावले. तरी सावकाराने गहाणखत दाबून ठेवावे तसा दाखला कपाटात पडून राहतो आणि दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरायची वेळ आली, की तोच मूळ दाखला मागितला जातो.

ही माया मुलावरची नव्हे, पटावरची आहे. अनुदानित शाळेत 30 सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता ठरते, संचमान्यतेवर शिक्षकांची पदे ठरतात; म्हणून त्या तारखेपर्यंत प्रत्येक पोर देवाचे देणे असते आणि त्यानंतर ते बाकावर बसले काय, कोपऱ्यात रडले काय, कुणाला सोयरसुतक नसते. विनाअनुदानित शाळेत पटाऐवजी पावतीपुस्तक, इतकाच फरक. ऑक्टोबर 2011 ची पटपडताळणी महाराष्ट्र विसरलेला नाही. जन्मालाही न आलेली मुले तेव्हा हजेरीपटावर नांदत होती, त्यांच्या नावाने खिचडी शिजत होती, तुकड्या मंजूर होत होत्या. ज्या शिक्षणव्यवस्थेने नसलेली लाखो मुले वर्षानुवर्षे वर्गात बसवून दाखवली, तिला एक खरे मूल घरी गेलेले सोसवत नाही!

यापुढचे सोंग तर अधिकच निर्लज्ज. मूल नाव काढून उघडपणे घरी शिकू लागले, की ते ‘शाळाबाह्य’. पण अकरावीचे नाव एका महाविद्यालयात, देह लातूरच्या नाहीतर कोट्याच्या क्लासमध्ये, हजेरी कारकुनाच्या लेखणीत, अशी वाटणी केली, की तो नियमित विद्यार्थी. 2018 मध्ये शासनाने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचे फर्मान काढले. त्या यंत्रांनी किती अंगठे पाहिले आणि किती क्लासचालकांची झोप उडाली, हे शिक्षण खात्यालाच विचारा. लाखोंची फी मोजून खोटी हजेरी विकत घेणारा बाप दूरदृष्टीचा आणि आपली नोकरी अर्धवेळ करून पोराला दशांश अपूर्णांक शिकवणारी आई बेजबाबदार!

राजर्षी शाहूंनी 1917 मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. पण त्या सक्तीआधी शाळा उघडण्याचे ओझे स्वतःच्या खजिन्यावर घेतले. आजचे राज्यकर्ते त्यांच्या तसबिरीला हार घालतात आणि वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा गुंडाळून ‘समूह शाळा’ काढण्याचे बेत आखतात. डोंगरातल्या वाडीचे पोर ओढा ओलांडून दूरच्या शाळेत कसे पोहोचेल, याची ज्यांना विवंचना नाही, तेच शहरातल्या आईला शिक्षणाच्या पावित्र्यावर प्रवचन देतात, शाळेवाचून मूल समाजात मिसळणार कसे म्हणून गळा काढतात, आणि वर्गात त्या मुलाला ‘ढ’ म्हणून चाळीस जणांत एकटे पाडले, तेव्हा मात्र यांची दातखीळ बसलेली असते. हे शिक्षणाचे कैवारी नव्हेत. हे पटाचे दलाल आहेत.

घरचा अभ्यास सोपा आहे, असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ घरांत तो महिनाभरही टिकणार नाही आणि मूल पुन्हा शाळेच्या दाराशी येईल. तेव्हा वयानुरूप वर्गात त्याला घ्यावेच लागेल, कारण कलम 4 तेच सांगते. शिक्षणमंत्र्यांनी एवढेच करावे: मागणीपत्र नसले, फी थकली असली, तरी पालकाने मागितलेला दाखला सात दिवसांत हातात पडेल, थकबाकीचा दावा शाळेने दिवाणी न्यायालयात लावावा आणि दाखला अडवणाऱ्या मुख्याध्यापकाची चौकशी आठव्या दिवशी सुरू होईल, असे परिपत्रक काढावे. ते निघेपर्यंत ‘विद्यार्थिहित’ हा शब्द त्यांच्या खात्याने तोंडी घेऊ नये.