सहावा मणी

प्रथिने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे डाळ, दूध आणि अंडी उभी राहतात व विषय स्वयंपाकघरातच संपतो. वस्तुतः प्रथिने ही देहातील राबती माणसे होत. प्राणवायू वाहणे, अन्न पचविणे, स्नायू हलविणे ही सारी त्यांचीच कामे. वीस प्रकारच्या अमिनो आम्लांचे मणी ठरावीक क्रमाने ओवले जातात, त्या माळेची विशिष्ट घडी पडते, आणि जशी घडी तसे काम.

एक मणी चुकला तर काय होते, हे पाहण्यास दूर जावयास नको. गुजरात, महाराष्ट्र व मध्य प्रदेशातील आदिवासी भागांत सिकलसेलचा आजार आहे. रक्तातील हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ मणी असतात. त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच काय तो फरक. परंतु त्यामुळे प्राणवायू सुटताच हे रेणू एकमेकांस चिकटतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि रोगी वेदनेने तळमळतो. आईबाप दोघेही धडधाकट, पण वाहक असले, तर प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याचा संभव चारांत एक असतो.

प्रथिनांच्या माळा ओवणारे पेशीतील यंत्र म्हणजे रायबोसोम. त्याची रचना उलगडल्याबद्दल २००९ चे नोबेल पारितोषिक ज्या तिघांस मिळाले, त्यांतील वेंकटरामन रामकृष्णन हे आमच्या बडोद्याच्या विद्यापीठाचे १९७१ चे पदवीधर. त्यांचा अभिमान आपण मिरवितो, तो रास्तच आहे. पण त्यांच्या शोधाचा अर्थ आपल्यापैकी किती जणांना घरच्या भाषेत सांगता येईल?

याच शहरात १८९० साली कलाभवन निघाले, तेव्हा शास्त्र देशी भाषेतून शिकवावे असा त्रिभुवनदास गज्जरांचा आग्रह होता. तो आग्रह आपण सोडला, हे माझ्या मते आपले सांस्कृतिक नुकसान होय. गाणे आणि नाटक तेवढी संस्कृती, अन् रक्ताचे ज्ञान मात्र डॉक्टरांचे, ही वाटणी कोणी केली?

२०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेने सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले आहे. तपासणीचा कागद ज्या मुलीच्या हाती पडेल, तिला ‘तू रोगी नाहीस, वाहक आहेस’ यातील भेद लग्नापूर्वी तिच्याच बोलीत उमगला पाहिजे. तो उमगला नाही, तर कागद नुसताच पेटीत पडून राहील.